दुखत नाही ना, मग सोड

भोजराज, तुझ्या मानेतली गाठ मी दोन बोटांनी दाबली, दुखते का म्हणून विचारलं, तू नाही म्हणालास, आणि मी म्हणालो, "दुखत नाही ना, मग सोड."

एवढीच माझी चूक. आधीच सांगून टाकली, कारण मी किस्सा सांगायला बसलो की तो रंगत जातो आणि चूक बिचारी मागे राहून जाते. हे तुझ्याइतकं कोणाला माहीत? पानठेल्यावर मी माझ्या फजितीच्या गोष्टी सांगायचो, लोक हसायचे, आणि तू शेवटी एकच वाक्य बोलून त्यातली अर्धी हवा काढून टाकायचास. आता तुझी तेरवीही होऊन गेली. हवा काढणारं कोणी उरलं नाही, म्हणून स्वतःच काढायला बसलो आहे.

धानाच्या रोवण्याचे, लावणीचे दिवस होते. सगळ्या गावात ट्रॅक्टर चिखल करून राहिले होते आणि तू मात्र कोपऱ्यातल्या बांधीला लाखा आणि बादलच जुंपले होतेस. पटाच्या, म्हणजे शर्यतीच्या बैलाला चिखल पाहिजे, त्यानं मांड्या भरतात, असं तुझं शास्त्र. त्या शास्त्रापायी जू घासून लाखाच्या खांद्यावर मुठीएवढी सूज आली आणि तू मला बोलावून घेतलंस. गरम, लाल, दुखरी सूज. मी हात लावला तसा लाखानं मानेला असा हिसडा दिला की मी थेट गव्हाणीत जाऊन बसलो. चष्मा धानाच्या पेंढ्यात, तणसात. तू हसलास. आता आठवतं, ओठ मिटून हसलास, गालावर हात धरून. दाढा दाखवत हसणारा माणूस ओठ मिटून हसतो आहे, हे मला तेव्हा दिसायला हवं होतं; पण चष्मा तणसात होता, असं मी स्वतःला सांगत आलो आहे. चष्मा मला पुढच्याच मिनिटाला सापडला होता.

मग तू म्हणालास, "डॉक्टर, बैलाचं झालं असंन तं माही बी मान पाय. एक गोटी आली हाय."

मी हातही धुतला नाही. टिंक्चरचा वास असलेली तीच बोटं तुझ्या जबड्याखाली लावली. चिंचोक्याएवढी, टणक, जागच्या जागी बसलेली गाठ. लाखाला मी मलम दिलं, खांद्याला आराम सांगितला, पुन्हा बघायला येतो म्हणालो. तुला नुसतं सोडून दिलं. लाखा बरा झाला. आजही तुझ्या गोठ्यात उभा आहे आणि मला पाहिलं की मान फिरवतो.

सरकारनं मला जन्मभर पशुधन पर्यवेक्षक म्हणून पगार दिला. गावानं मला डॉक्टर अशी हाक मारली. मी गावाचं ऐकलं. ढोरांच्या कामात एक गोष्ट माझ्या हाडात बसली होती : गळ्याला गरम, दुखरी सूज आली की पळा, तो घटसर्प असू शकतो, सकाळी चरायला गेलेली म्हैस संध्याकाळी उठत नाही. आणि थंड, न दुखणारी गाठ असली की थांबा, घाई नाही. हा नियम मी म्हशीवरून उचलला आणि तुझ्यावर ठेवला. माणसाच्या मानेत, आणि त्यातही खर्रा खाणाऱ्या माणसाच्या मानेत, नियम उलटा असतो हे मला कोणी शिकवलं नव्हतं. दुखणारी गाठ बहुतेक वेळा दाढेची किंवा घशाची असते, आपली आपण उतरते. न दुखणारीच धरून दाखवायला न्यावी लागते. इतकी वर्षं गावोगाव फिरलो, पण हे विचारायची बुद्धी मला झाली नाही. मला सगळे विचारायचे ना. मी कोणाला कशाला विचारू?

खर्रा तर आपला एकच होता. पन्नीत सुपारी, तंबाखू, चुना घालून तू घोटायचास, कारण माझ्या हातचा तुला कच्चा लागायचा. अर्धा तुझ्या डाव्या गालात, अर्धा माझ्या उजव्या. तोच तंबाखू, तोच चुना, तीच बाकडी. नागपूरच्या डॉक्टर बाईंनी तुझं तोंड पाहिल्यावर माझंही बघितलं होतं, आठवतं? माझ्या गालात नुसता पांढरा पट्टा निघाला आणि आजच सोडा म्हणून दम मिळाला. मी सोडला. लोक माझी पाठ थोपटतात. तुझं तोंड बघून सुटलेल्या खर्ऱ्याबद्दल माझी पाठ थोपटतात, हे किती वंगाळ आहे ते मी त्यांना सांगत नाही.

आणि खुणा काय कमी होत्या? मिरचीचा ठेचा तुला झोंबायला लागला, तू पुस्तकला वहिनीच्या हाताला दोष दिलास. आलूबोंडा तू चार तुकडे करून खायला लागलास, मी सगळ्यांसमोर म्हणालो, काय बे, नवरीसारखा काऊन खाऊन राहिला? सगळे हसले. तूही हसलास. तुझं तोंड उघडत नव्हतं, भोजराज, आणि मी त्यावर हशा घेतला.

दिवाळी झाल्यावर तुझी दाढ हलायला लागली, तेव्हा ती काढायला आपण गोंदियाला गेलो. दातांचा डॉक्टर पोरसवदा होता. तुला म्हणाला, चाचा, अपनी तीन उंगली मुंह में डालो. एक बोट गेलं, दुसरं अडकलं. त्यानं आत टॉर्च मारला, मानेला हात लावला आणि हातमोजे काढून ठेवले. दाढ काढलीच नाही. "ये दाँत का मामला नहीं है, चाचा. आप नागपुर निकलो." मी त्याच्याशी भांडलो, एवढी दाढ काढायला जमत नाही तर पाटी कशाला लावली, असं हिंदीत सुनावलं. माझ्या हिंदीवर त्याची मदतनीससुद्धा हसली. तू मात्र गाडीत खिडकीपाशी बसून मानेवर हात फिरवत राहिलास. आणि मी गोंदियापासून अर्जुनीपर्यंत अखंड बडबड केली.

नागपूरच्या दवाखान्यातल्या बाईंनी तुझी मान चाचपली तेव्हा मी शेजारीच उभा होतो. त्यांचीही दोनच बोटं होती. पण त्यांनी दुखते का हे विचारलं नाही. त्यांनी गाठ हलते का ते पाहिलं, दुसऱ्या बाजूला आहे का ते पाहिलं आणि म्हणाल्या, "ही गाठ कधीपासून आहे?"

तू माझ्याकडे पाहिलंस. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

"आत्ताच दिसली, मॅडम," तू म्हणालास. "दवाखान्यात यायची तयारी करून रायलो होतो, तेवा."

तू माझ्यासाठी खोटं बोललास. ज्या माणसानं पटात दुसऱ्याची जोडी आधी पोचली म्हणून स्वतःहून हात वर केला, तो माणूस स्वतःच्या आजारपणाबद्दल खोटं बोलला, केवळ माझी लाज राहावी म्हणून. आणि मी ती ठेवून घेतली. तिथे एक वाक्य बोलायचं होतं, नाही मॅडम, रोवण्यापासून आहे, मीच म्हणालो होतो सोड म्हणून. पुढे मला कळलं की तुझ्या खोट्यानं उपचारात काही फरक पडला नाही. फोटो आणि तपासणीचा तुकडा गाठीचं वय सांगत नाहीत, पण ताकद सांगतात. फरक पडला तो माझ्यात. त्यानंतर मी तुझ्याशी नजरेला नजर देऊन बोललोच नाही, आणि तू मला ते कधी दाखवून दिलं नाहीस.

ऑपरेशन झालं. गालाचा तुकडा गेला, जबड्याची कडा गेली, मानेतल्या गाठी गेल्या, छातीचं मांस गालाला लागलं. तुझ्या नव्या गालावर छातीचे केस उगवायला लागले तेव्हा तू मला खुणेनं विचारलंस, आता न्हाव्याले दोन माणसाईचे पैसे द्या लागन का? मी हसलो आणि संडासात जाऊन रडलो. हेही मी कोणाला सांगितलं नव्हतं. रडण्याचा किस्सा होत नाही.

मोठा रिपोर्ट आला त्या दिवशी तू मला बाईंकडे पाठवलंस. जीभ जड होती, शब्द अर्धे तोंडातच राहायचे, पण हे तू नीट, एकेक अक्षर सोडवून बोललास. "तुले समजते. इचारून ये, अन् मले खरं सांग."

आता हे "खरं" म्हणजे काय, यावर आपलं जुनं भांडण होतं. दरवर्षी शंकरपटात मी मैदानाच्या कडेला उभा राहून सांगायचो, आज कोणती जोडी मारणार. शिंगं बघून, पुठ्ठा बघून, खुरं बघून सांगायचो, डॉक्टरी भाषेत सांगायचो, आणि बहुतेक वेळा तोंडावर आपटायचो. शेवटी शेवटी लोक माझं मत घ्यायला यायचे ते कोणती जोडी हरणार हे कळावं म्हणून. तू स्वतः जोडी हाकायचास, पण तुला कोणी विचारलं तर म्हणायचास, खांदा बघा, दम बघा, दोघं एका गव्हाणीत खातात का ते बघा, त्यावरून बैलाईचं सांगता येते. पण या जोडीचं आज काय होईल ते दोर सुटल्यावर पाहा. मी म्हणायचो, मग एवढं बघायचं कायले? तू म्हणायचास, बघा लागतेच, नाई तं जुंपायचं कसं. हे भांडण आपण कधी मिटवलं नाही. मिटवलं असतं तर पुढच्या वर्षी काय बोललो असतो?

तर मी बाईंसमोर बसलो. मी मुद्दाम सांगितलं की मीही डॉक्टर आहे. त्यांनी विचारलं, कुठे असता? मी म्हणालो, केशोरीच्या बाजूला, गाई-म्हशी. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, मग तुम्हाला सोप्यात सांगते.

सोप्यात सांगितलं ते मला आजही पाठ आहे. रोग वरून किती मोठा दिसतो त्यापेक्षा तो गालाच्या मांसात किती खोल उतरला, हे त्या जास्त धरत होत्या. कापून काढलेल्या तुकड्याच्या कडेपर्यंत रोग होता की कडा स्वच्छ होती. मानेतल्या गाठींत तो पोचला का, आणि पोचला असेल तर गाठीचं वेष्टण फोडून बाहेर आला का. मग माणूस : त्याचं रक्त किती, वजन किती उतरलं, तंबाखू खरंच सुटला की चोरून चालू आहे. आणि ऑपरेशननंतरचा मशीनवरचा, किरणांचा शेक मध्ये खंड न पाडता पार पडतो की नाही. तुझी कडा स्वच्छ होती. खर्रा तू सोडला होतास. रक्त थोडं कमी होतं, पण भरून येण्यासारखं. हे सगळं ऐकताना मी मान डोलावत होतो, जणू मीच परीक्षा पास होऊन राहिलो होतो.

मग त्या म्हणाल्या, "या सगळ्यांत मानेतली गाठ जड असते. आणि यांच्या गाठीनं वेष्टण फोडलं आहे. रोग परत येण्याची भीती आहे, ती मी लपवणार नाही."

मी विचारलं, गाठ आधी दाखवली असती तर? त्यांनी विचारलं, आधी म्हणजे कधी? मी म्हणालो, समजा हो, नुसतं समजा. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, लवकर दाखवलेलं कधीही चांगलंच. पण यांच्या बाबतीत त्यानं किती फरक पडला असता ते मला सांगता येणार नाही. अशा पुष्कळ माणसांचं मिळून काय होतं ते मी सांगू शकते, या एका माणसाचं नाही.

तुझंच वाक्य, भोजराज. फक्त पुस्तकी मराठीत. तेव्हापासून ते "किती" मी गालात धरून बसलो आहे. थुंकता येत नाही, गिळता येत नाही.

बाहेर तू कडुनिंबाखालच्या बाकावर बसला होतास, नाकात नळी, गळ्यात गमछा. पुस्तकला वहिनी तुझ्यासाठी नळीतून द्यायचं पेज गाळून राहिली होती. मी आलो तशी तिनं गाळणी थांबवली. मी उभ्या उभ्या सांगितलं : कडा स्वच्छ निघाली, खर्रा सोडल्याचा फार फायदा आहे, रक्त वाढवायचं, वजन वाढवायचं, शेक एकही दिवस चुकवायचा नाही, बस. एकूण एक गोष्ट खरी होती. मी खोटं काहीच बोललो नाही. जे जड होतं तेवढंच खाली ठेवून आलो.

तू विचारलंस, "अन् मान?"

"मानेचं काढून टाकलं ना," मी म्हणालो. "विषय संपला."

का केलं असं? तुला धीर यावा म्हणून, असं मी वहिनीला सांगितलं असतं. खरं कारण एवढंच होतं की मानेची गोष्ट सांगायला घेतली असती तर ती तुझ्या गोठ्यातून, माझ्या दोन बोटांपासून सुरू झाली असती.

तू माझ्याकडे बघत राहिलास. मग म्हणालास, बरं.

या "बरं"वर तू तुझा हिवाळा दिलास. शेक सुरू झाला, त्यात आपल्या गावचा पट आला. शनिवार आणि रविवार. बादल आणि लाखा अंगानं भरले होते, असं गावाहून येणारा प्रत्येक जण सांगत होता. तुझ्या गळ्याची कातडी जळून काळी पडली होती, थुंकीसुद्धा गिळवत नव्हती, तरी तू मला म्हणालास, एक दिवस जाऊन येऊ का? हाकत नाही, नुसता उभा राहतो, दोर दुसऱ्या कोणाच्या हातात देतो. मी कडक आवाज काढला. खंड पडला तर सगळं पाण्यात, असं बाई म्हणाल्या आहेत. पुढच्या वर्षी तू स्वतः हाकशील. तू विचारलंस, नक्की? मी म्हणालो, नक्की म्हणजे काय, मी मैदानाच्या कडेला उभा राहून तुझीच जोडी सांगणार.

पटाच्या रविवारी तू नागपुरात आपण भाड्यानं घेतलेल्या खोलीतल्या खाटेवर बसलास. गावातल्या कोणीतरी फोन लावून दिला आणि मैदानात भोंग्याखाली तसाच धरून ठेवला. नावं पुकारली जात होती, जोड्या सुटत होत्या, आणि तू फोन उशीवर ठेवून त्याच्याकडे बघत होतास, जणू त्यातून धूळ उडणार होती. एका जोडीच्या वेळी तुझा उजवा हात आपोआप वर गेला, दोर ढिला सोडताना जातो तसा. मग तो हात तू मांडीखाली दाबून बसलास. मी खिडकीतून समोरचा रस्ता बघत होतो. रस्त्यावर काहीच नव्हतं.

पुढे शेक संपताना मी बाईंना मोठ्या अभिमानानं सांगितलं की पट असूनही आम्ही पेशंटला हलू दिलं नाही. त्यांनी पट कधी होता ते विचारलं. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "शनिवार-रविवार मशीन बंदच असते. तुम्ही मला विचारायचं होतं, गाडी करून नेऊन आणता आलं असतं."

मी एवढे दिवस रोज तुला मशीनपर्यंत नेत होतो. दर शनिवारी आणि रविवारी आपण खोलीवर बसून राहत होतो. मशीन बंद असते म्हणूनच बसून राहत होतो. आणि मला हे दिसलं नाही, कारण मी खंड पडू देऊ नका हे वाक्य हातात काठीसारखं धरून उभा होतो. बाईंची खरी गोष्ट मी तुला अडवायला वापरली आणि त्यांची दुसरी खरी गोष्ट तुझ्यापासून लपवली. दुसरी सांगितली असती तर कदाचित तूच मला ढकलून गावाकडच्या, साकोलीच्या बसमध्ये बसला असतास. कदाचित नसता बसला. तुला ठरवता आलं असतं, एवढंच. पुढचा पट येईलच असं वाटणाऱ्या माणसानं यंदाचा सोडणं वेगळं, आणि हा शेवटचा असू शकतो हे माहीत असताना सोडणं वेगळं. मी तुझ्या वतीनं ठरवून टाकलं, आणि तेही तुला न सांगता.

पुन्हा रोवणा आला. तू घरी होतास, बांधावर खुर्ची टाकून बसायचास, पाणी कुठे फुटून राहिलं ते बोटानं दाखवायचास. बाया रोवता रोवता तुझी थट्टा करायच्या, मालक आता बोलत नाही तेच बरं. तू खुश असायचास. एकदा तू मला गोठ्यात बोलावलंस. लाखाजवळ उभा राहिलास, गमछा काढलास आणि मान दुसऱ्या बाजूला वळवलीस. उजवीकडे. माझा हात धरून जबड्याखाली लावलास.

टणक. जागच्या जागी.

तू डोळ्यांनीच विचारलंस, सांग.

भोजराज, त्या वेळी सगळं बोलता आलं असतं. गोठ्यात आपण दोघंच होतो, सगळं गाव चिखलात होतं. मागची गाठ, बाईंनी सांगितलेली जड गोष्ट, तो रविवार, सगळं. तू बोलू शकत नव्हतास, म्हणजे माझी हवा काढायचीही भीती नव्हती. आणि मी काय केलं? मी विचारलं, "दुखते का?"

तुझा उरलेला अर्धा चेहरा हसला. खरंच हसला, गव्हाणीत पडलो होतो तेव्हासारखा. मग तू गमछा बांधलास, आणि मी वळून लाखाची मान तपासायला लागलो. लाखाला काही झालेलं नव्हतं. मी चांगली सावकाश तपासली.

त्यानंतर बाईंनी जे करता येईल ते केलं. शेवटी त्यांनी दुखण्याचं औषध दिलं आणि घरी न्या म्हणाल्या. धान कापून झालं, खळ्यावर आलं, आणि तू गेलास. मी तुझ्या उशाशी होतो, पण तेव्हाही मी तुझ्याशी धानाच्या उताऱ्याबद्दलच बोलत होतो. तू ऐकत होतास की नाही माहीत नाही. ऐकत असशील तर काय म्हणाला असशील तेही माहीत आहे.

तुझे उपकार मोजत बसलो तर तू उठून जाशील. पण एक सांगतो. आयुष्यभर मी लोकांना हसवण्यासाठी स्वतःला मूर्ख केलं, आणि लोक खरंच मूर्ख समजायला लागले. तू मात्र माझ्यावर हसायचास आणि तरीही आजारी बैलासाठी मलाच बोलवायचास. माझ्या बोलण्यावर फारसा नाही, पण माझ्या हातावर तुझा विश्वास होता. त्या हातानंच दगा दिला, हे मला खुपतं.

काल मी तुझ्या घरी गेलो. पट जवळ आला आहे. बादल आणि लाखाचं काय करायचं, हे विचारायचं निमित्त होतं. वहिनी गोठ्यात तणस टाकून राहिली होती. मी गव्हाणीच्या कडेवर बसलो आणि सांगितलं. सगळं, पहिल्यापासून : दोन बोटं, दुखत नाही ना मग सोड, कॅलेंडर, वेष्टण फोडलेली गाठ, कडुनिंबाखालचं अर्धं खरं, बंद मशीन, उजवी बाजू. रंगवलं नाही. पहिल्यांदाच माझ्या गोष्टीवर कोणी मध्ये हसलं नाही.

तिनं तणस टाकणं थांबवलं नाही. माझं सांगून संपलं तेव्हा तिनं लाखाच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, पटाच्या वक्ती ते तुमच्या शब्दानं थांबले असं तुमाले वाटते का, भाऊजी? आदल्या दिवशीच मी त्याईची चप्पल लपवून ठेवली होती. मले भेव वाटे, गर्दीत धक्का लागन, नळी निंगन. चप्पल कुठे हाय हे त्याईनं एकदा बी नाई इचारलं.

मी म्हणालो, पण गाठ? गाठ तर मीच सोड म्हणालो.

"गाठ मले रोवन्याच्या आधीच दिसली होती," ती म्हणाली. "रोज म्हनो, गोंदियाले जा, गोंदियाले जा. तं म्हनत, डॉक्टरले दाखवतो अन् मंग जातो. म्हनून लाखाच्या निमित्तानं तुमाले बलावलं."

लाखानं माझ्याकडे पाहिलं आणि मान फिरवली.

"तुमी मनाले लावून घेऊ नोका," वहिनी म्हणाली. "त्याईले गोंदियाले जायचंच नोहोतं. तुमी भेटले नसते तं त्याईनं बैलाले इचारलं असतं."